संध्याकाळचं पाणी

जयाबाईंनी वीस वर्षं टिळकवाडीतल्या बंगल्यांत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा केली होती, त्यामुळे सेवा करणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गोठ्याच्या माळ्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून बेळगुंदीच्या घरात खिडकीलगतच्या कॉटवर पडून त्या सुनेवर पाळत ठेवत होत्या. रचना त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, आणि चकार शब्द काढायची नाही. हेच त्यांना खटकायचं. एवढी सोशिक सून असते का कुठं? हिच्या मनात नक्की काहीतरी शिजतंय.

दमलेली बाई आधी पाणी तोडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. संध्याकाळनंतर पेशंटला पाणी दिलं नाही, की रात्री कपडे बदलायला उठावं लागत नाही. आज ना उद्या ही पण तेच करणार! मग तिच्याआधी आपणच केलेलं काय वाईट? दिवेलागणीला रचना पेला भरून द्यायची आणि स्वयंपाकाकडं वळायची. तिची पाठ फिरली, की पेला खिडकीबाहेर रिकामा. कुणाची मिंधेगिरी नको.

पंधरा दिवसांत ताप चढला. घरी आलेल्या डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट बघून रचनालाच फैलावर घेतलं.

“पेशंटला पाणी पाजायला काय होतं तुम्हाला?”

“चुकलं माझं,” रचना खाली मान घालून म्हणाली.

जयाबाई चरकल्या. न केलेली चूक कुणी फुकट पदरात घेतं का? डॉक्टरांची पाठ वळताच त्या उसळल्या, “कबूल का झालीस गं? लई भली दिसायचं व्हतं व्हय?”

“चार दिस झालं, खिडकीखालची भिंत ओली दिसतीया, आत्या. कसं बोलावं कळंना झालतं. तुमचं नाव सांगितलं असतं, तर माझ्या हातचं जेवलाबी नसता.”

जयाबाईंनी खिडकीकडं पाहिलं. मग कुणालाच न सांगितलेलं तोंडातून बाहेर पडलं. “टिळकवाडीत एक रिटायर मास्तरीणबाई हुत्या. त्यास्नी सांजच्यापारी मी कधी पाणी दिलं न्हाय. दोन वर्सं.”

“त्या मागत न्हवत्या?”

“मागायच्या की. आत्ताच दिलंय, म्हणून दडपून सांगितलं.”

रचना उठली आणि आत गेली. संपलं, जयाबाईंना वाटलं. आपल्याच तोंडानं तिला पाणी तोडायची वाट दाखवली. लाज आणि भीती एकदमच अंगावर आली.

रचना पेला घेऊन आली, कॉटच्या कडेला टेकली, पण पेला तिनं हातातच धरला.

“मागा.”

“म्हंजे?”

“मागा आत्या. मागितल्यावर मिळतंय का न्हाय, बघा.”

जयाबाईंना मागायची सवयच नव्हती. आल्यागेल्याला आयुष्यभर पाणी दिलेली बाई ती.

“पाणी दे गं, रचना,” त्या कशाबशा म्हणाल्या, आणि पेला ओठाला लागायच्या आधीच त्यांना रडू फुटलं.