वरचा फटका

चार सेकंदांत बत्तीस सूर. एवढंच मला वाजवायचं होतं, आणि त्यापायी माझे सात आठवडे गेले होते. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ते चार सेकंद इतक्या वेळा वाजले की माझा नवरा दर्शन एकदा भाजी निवडता निवडता म्हणाला, "समीक्षा, हे पुढे जातं का गं कधी?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की उरलेली गवार त्याने गुपचूप मोडली.

मी माजिवड्याला एका लॅबमध्ये रक्त काढते. दिवसाला पन्नास-साठ माणसं. म्हातारी, लहान मुलं, सुई बघूनच डोळे फिरवणारे, सगळ्यांच्या शिरा मला पहिल्या टोचणीत सापडतात. पण गिटार मांडीवर घेतली आणि त्या बत्तीस सुरांच्या तुकड्यापाशी आले की तोच हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वागायचा.

तुकडा माझ्या बाबाचा. बाबा म्हणजे गोमाजी, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचा बेंजोवाला. बेंजो जवळून बघितला नसेल त्यांना सांगते: आडवी लाकडी पेटी, तिच्यावर तारा. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबायच्या आणि उजव्या हाताने प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. नवरीला हळदीला बाहेर आणायचं ते बाबाच्या चालीवर, हे आमच्या वाड्यात गेली पन्नास वर्षं चालत आलंय. चाल त्याने स्वतः बांधलेली. तिच्या मधोमध ते बत्तीस सूर येतात आणि बायका नाचायच्या थांबून ऐकतात.

ही चाल त्याने मला कधी शिकवली नाही. "पोरींनी बेंजोपार्टीत बसायचं नाय," विषय संपला. बेंजोसमोर बसवलं माझ्या थोरल्या भावाला, सुदेशला. सुदेश दोन महिन्यांत क्रिकेट खेळायला पळाला. मी दारातून बघत राहिले. पहिल्या पगारात गिटार घेतली, कारण गिटार कुणी वाजवावी आणि कुणी नाही याबद्दल वाड्यात कुणाला काही मतच नव्हतं.

आणि आता मी एकोणचाळीस वर्षांची झाल्यावर सुदेशच्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं, तेव्हा बाबाचा फोन आला. "हलदीला माझ्या बाजूला बस. ती गिटार घेऊन ये." एवढं बोलून ठेवला. ज्या जागेसाठी मी लहानपणी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, ती जागा अशी, पाणी आलंय भरून घे म्हणावं तशी मिळाली. मला ती हवीच होती. आणि तिथे बसून त्याच्यादेखत चुकायचं नव्हतं.

सगळी भानगड झाली ती उजव्या हातावरून.

केदार मला गिटार शिकवतो. सत्तावीस वर्षांचा, फडके रोडच्या मागे क्लास, बोलणं एकदम शुद्ध आणि शांत. चाल मी त्याला गाऊन दाखवली, तेव्हा त्याने लगेच निकाल दिला. "ताई, इथे अल्टरनेट पिकिंगच लागेल. एक फटका खाली, पुढचा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. नुसतं खाली मारत बसलात तर या वेगाला हात पुरणारच नाही." मग ठोके देणारा मेट्रोनोम लावला. मिनिटाला साठ ठोके, प्रत्येक ठोक्यात चार सूर. दर शनिवारी थोडं थोडं वाढवत एकशे वीसपर्यंत जायचं. खालचा फटका कधीच अडला नाही. वरचा मात्र एका तारेवरून दुसरीवर जाताना हमखास अडकायचा आणि पिक, म्हणजे तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा, हातातून उडून कोचाखाली जायचं.

तरी तीन आठवड्यांत नव्वदपर्यंत आले. स्वतःवर खूश होऊन रविवारी कोळीवाड्यात गेले, बाबाला वाजवून दाखवलं.

बाबाने ऐकलंच नाही. तो माझा हात बघत होता. "वर कशाला मारतंस?"

"मग कसं मारू?"

"खाली मार गो. सगले खाली."

"बाबा, एवढ्या वेगात सगळे खाली कसे मारणार? बत्तीस आहेत!"

"मी कसा मारतंय? वर मारलं का आवाज मरतो. खाली मार."

"मग दाखव ना वाजवून."

तर म्हणे बेंजोची स्पीकरला जोडायची वायर गेलीय. मग तोंडाने सगळे बत्तीस सूर गाऊन दाखवले, एकही न गाळता, आणि वर पुन्हा तेच. "ऐकलंस? आता खाली मार."

मी घरी येऊन खाली मारत बसले. मनगट सुजलं. सोमवारी लॅबमध्ये एका काकांच्या दंडाला रबर बांधताना माझाच चेहरा इतका वाकडा झाला की ते म्हणाले, "दुखलं का हो तुम्हाला?" केदारला विचारलं, तर तो म्हणाला की या वेगाने सगळे सूर खालच्या फटक्यात वाजवणारं माणूस त्याने तरी पाहिलेलं नाही. बाबाला सांगितलं, तर बाबा म्हणाला, त्या मास्तरला दाढी तरी आलीय का. मी वैतागून तिसरा मार्ग काढला. पिक फेकून दिलं आणि अंगठा आणि बोटांनी वाजवायला लागले. केदार म्हणाला, "सुंदर वाटतंय, पण ढोलासमोर कुणाला ऐकूही येणार नाही." बाबा म्हणाला, "कोलंबी सोलतंस का?"

या दोघांची एकदा समोरासमोर गाठ घालून द्यावी आणि आपण माथेरानला निघून जावं, असं मला फार वाटायचं. पण जागा माझी जाणार होती. म्हणून शनिवारी केदारसाठी खाली-वर, रविवारी बाबासाठी खाली-खाली, असे दोन हात घेऊन मी जगत होते. खाली-वर हळूहळू जमत गेलं. एकशे दहा. एकशे पंधरा. खाली-खाली जागचं हललं नाही, आणि दर रविवारी बाबा मान हलवून म्हणायचा, "तुझ्या हातात नाय ते."

हळदीला आठ दिवस राहिले आणि सुदेशने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्याच्या स्वतःच्या हळदीचा. जुनी कॅसेट त्याने पेन ड्राइव्हवर घेतली होती, मंडपातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायला. त्यात बाबा होता, काळ्या मिशांचा, गळ्यात रुमाल. चाल सुरू होती. तो तुकडा आला आणि मी फोन डोळ्यांशी नेला.

मग व्हिडिओ मागे घेतला आणि गती कमी करून पाहिला. पाच वेळा पाहिला.

बाबाचा हात खाली जात होता, वर येत होता, खाली जात होता, वर येत होता. केदार शिकवतो अगदी तसाच. बत्तीसच्या बत्तीस सूर.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी रिक्षा करून थेट कोळीवाड्यात गेले. बाबा ओट्यावर बसला होता. फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे? तीन आठवडे माझं मनगट मोडलंस! तुझा हात वर जातोय की नाही, सांग!"

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगली," आणि चपला घालून खाडीकडे निघून गेला. 

आई आतून आली. तिच्या हातात सुकट पाखडायचं सूप होतं. "त्याला नको बोलूस," ती म्हणाली. "त्याचा हात वर वलत नाय."

"म्हणजे?"

"होडीवरून पडला ना मागं, सात-आठ वर्सं झाली. तेव्हापासून. तांब्या कलता करायला पन डावा हात लावतो, बघितलं नाय तू?"

मी बघितलं नव्हतं. दिवसभर लोकांचे हात हातात घेणारी मी, मी बघितलं नव्हतं.

"मग वाजवतो कसा?"

"खालचे मारतो, वरचे सोरतो. अर्धं वाजतं. ढोलवाला रामा हाय ना, तो तिथं जोरात बडवतो, मग कोनाला कलत नाय. त्याला वाटतं मला पन कलत नाय." आई सूप घेऊन परत आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिले. या सात-आठ वर्षांत वाड्यातल्या किती हळदींत मी त्या चालीवर नाचले होते. प्रत्येक दुसरा सूर गायब होता आणि मला पत्ता नव्हता. आता मला राग बाबाचा आला होता की स्वतःचा, हे सांगणं कठीण आहे. दोघांचाही आला होता.

आणि आता निवडायचं मला होतं. खाली-वर मला जमत होतं, त्याच आठवड्यात मी एकशे वीस गाठले होते. पण बाबाच्या बाजूला बसून मी बत्तीस सूर वाजवले, तर त्याचे सोळा सगळ्या वाड्याला मोजता आले असते. नुसतं खाली मारून वरचे सोडले, तर मीही सोळाच वाजवणार, दोघांचं जुळणार आणि झाकली मूठ झाकलेलीच राहणार. केदारला मी सगळं सांगितलं. त्याने मेट्रोनोम बंद केला. मग म्हणाला, "पण ताई, मग चाल अर्धीच राहील. तुमच्यानंतर कुणाकडेच पूर्ण नसेल."

"माहितीये मला!" मी त्याच्यावर ओरडले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

मी खालचं निवडलं. फार मोठ्या मनाने वगैरे नाही, चिडूनच. सात आठवडे घासून आणलेला वरचा फटका असा टाकून देताना मला अक्षरशः रडू आलं. पण माझ्यामुळे माझ्या बापाचं त्याच्याच वाड्यात हसं झालेलं मला चाललं नसतं.

हळदीला संध्याकाळी मंडप भरला. बाबा पांढऱ्या शर्टात बेंजोपुढे बसला, वायर अर्थातच ठणठणीत होती. मी त्याच्या डाव्या हाताला, मांडीवर गिटार. पाठीमागे रामा ढोल घेऊन. बायकांनी मला बघून एकमेकींना कोपर मारलं, पण कुणी काही म्हणालं नाही. प्राप्तीला पिवळ्या साडीत बाहेर आणलं आणि बाबाने चाल धरली. मी मागोमाग गेले. पहिला भाग छान झाला. इतका छान की मी घाबरायची विसरले.

मग तो तुकडा आला. रामाने ढोल चढवला. मी ठरवल्याप्रमाणे नुसतं खाली मारलं. सोळा सूर, बाबाच्या सोळांवर नेमके. जमलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

बाबा माझ्याकडे वळला. चेहरा लालबुंद. "काय अर्धं अर्धं वाजवतंस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"वर मार! वर पन मार गो! येतं ना तुला!"

"तूच म्हणालास ना, वर मारायचं नाही!"

"मी काय म्हनलं ते सोर! रामा, ढोल कमी कर. परत घे."

चालू हळदीत, तीनशे माणसांसमोर. गिटार त्याच्या डोक्यात घालावी इतका मला राग आला. रामाने ढोल खाली आणला. चाल फिरून त्या तुकड्यापाशी आली आणि मी त्या रागातच हात सोडला. खाली, वर, खाली, वर. एकही अडकला नाही. बत्तीस सूर मंडपभर मोकळे ऐकू गेले, सात-आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि बायका नाचायच्या थांबल्या.

मी बाजूला बघितलं. बाबाने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला होता. डावा मात्र पट्ट्यांवर धावत होता. माझ्या एकेका सुराबरोबर तो बरोब्बर पट्टी दाबत होता, एकही न गाळता, आणि बेंजोतून काहीच आवाज येत नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता, हाताकडेही नाही. डोळे मिटून ऐकत होता.

मी रडले नाही. रडले असते तर तार चुकली असती, आणि त्यावरही हा माणूस बोललाच असता.