जुनी चिठ्ठी

संग्रहालयाच्या डॉक्टरसाहेबांनी पाथरवटाच्या बायकोने लावलेली नावाची चिठ्ठी दगडावरून नखाने खरवडली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही कळू नये, पाथरवटाने मनात म्हटलं.

बायको जाऊन चार महिने झाले होते. तीस वर्षं ती दगडावरची लायकेनं, म्हणजे दगडफुलाची भावंडं, ओळखायची, खपलीसारखी चिकटलेली, सोलून न निघणारी. ती दगडासकटच काढावी लागतात. म्हणून छिन्नी त्याची आणि डोळे तिचे. तिचे एकेचाळीस नमुने त्याने या संग्रहालयाला दिले होते. ओळख बरोबर ठरली तर ते कपाटात जाणार, नाहीतर मागच्या अंगणात फेकले जाणार.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. "हौशी लोकांचं असंच होतं. बाईंनी लिहिलंय, ब्लीचचा थेंब टाकला की लाल होतं. हे बघा."

थेंब पडला. राखाडी खपली ढिम्म राखाडीच राहिली. साहेबांच्या सहीची नवी चिठ्ठी तर आधीच चिकटवून झाली होती.

"साधी जात आहे. बाकीचेही असेच असणार."

"बाटली द्या बरं इकडे."

पाथरवटाने नाक लावलं. वासच नव्हता.

"कधी भरली ही?"

"ती तिथेच असते. का?"

ती दर सोमवारी उरलेलं ब्लीच ओतून द्यायची आणि त्याला ताजं आणायला पिटाळायची. तो कुरकुरायचा. "शिळं ब्लीच आणि रुसलेला नवरा, दोन्ही बिनकामाचे," ती म्हणायची. आणि इथे नावामागे पदव्यांचं शेपूट लावलेला माणूस, नाक असून नसल्यासारखा.

बाहेर सफाईवाल्या मावशी फरशी धूत होत्या.

"मावशी, नव्या बाटलीतलं झाकणभर ब्लीच द्या."

"साहेबांचा संडास तुंबला का?"

"डोकं तुंबलंय."

मावशींनी झाकण भरून दिलं. तो आत आला आणि त्यातलाच एक थेंब त्याने खपलीवर सोडला. खपली लाल झाली, जराशाने फिकी पडली. साहेबांनी पाहिलं. मग स्वतःच्या चिठ्ठीच्या कोपऱ्याला नख लावलं.

"राहू द्या ती," पाथरवट म्हणाला. "जुनी चिठ्ठी काढायची नसते, तिच्या खालच्या बाजूला नवी लावायची. तुमच्याच लोकांची रीत आहे ही. माझी बायको स्वतःची चूकसुद्धा तशीच ठेवायची."

त्याने टोपलीत हात घातला. चिठ्ठीला चहाचा डाग लागला होता. त्याने ती मांडीवर सपाट केली, डिंक लावला आणि साहेबांच्या चिठ्ठीच्या वरच्या बाजूला, तिच्या मूळ जागी बसवली.

"आता तिसरी लिहा. पहिली बरोबर होती, म्हणून. तारीख घाला."

साहेब टेबलावर पेन शोधू लागले. ते त्यांच्या खिशालाच होतं. पाथरवटाने सांगितलं नाही.

"लिहा सावकाश," तो म्हणाला. "तोवर मी ताजं ब्लीच आणतो. अजून चाळीस उरलेत."