चार वाजून दहा मिनिटं

बाळांनो, असं समजा की तुमच्या हातात कुत्रीची दोरी आहे आणि समोर मामा बंदूक घेऊन उभा आहे. अकरा वर्षांची विल्या अशीच उभी होती.

खुराड्यात नऊ कोंबड्या मरून पडल्या होत्या. कुणाची मान तुटलेली, कुणाचं पोट फाडलेलं. मधोमध विल्याची कुत्री सापडली, हल्ला तिचं नाव, तोंड रक्तानं माखलेलं. राउनोमामानं तिला बुटाची अशी लाथ घातली की बिचारी भिंतीवर आपटली. मग त्यानं कपाटातून बंदूक आणि काडतुसं काढली.

विल्यानं परोपरीनं सांगून पाहिलं, पण मामाजवळ पुरावा होता. घराच्या दारांवर, सौनात म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, खुराड्याच्या दाराच्या फळीवर त्यानंच सेन्सर बसवले होते. कुठे काही हललं की स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरला लावलेली यूएसबीची कांडी ते बिनतारी ऐकायची आणि पडद्यावर वेळ उमटायची. फळी उघडली चार वाजून दहाला. हल्लाला साखळीतून सोडलं होतं चार वाजून पाचला, खुद्द मामानंच.

"यंत्र खोटं बोलत नाही," मामा म्हणाला.

"खोटं नाही बोलत, मामा. पण ते ऐकल्याची वेळ लिहितं, घडल्याची नाही. परवा सौना तापल्याचं त्यानं कधी सांगितलं? आपण न्हाऊन बाहेर आल्यावर."

विल्यानं एवढंच मागितलं की त्यानं पडद्यासमोर बसावं. हल्लाची दोरी त्याच्या हातात देऊन ती खुराड्याकडे धावली. रक्तात पाय घसरत होते. तिनं फळी उघडली, घड्याळ पाहिलं आणि परत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. पडदा कोरा. पाच मिनिटं गेली. आठ गेली. हल्ला कण्हत होती. बाराव्या मिनिटाला ओळ उमटली: फळी उघडली.

म्हणजे फळी खरी उघडली बारा मिनिटं आधी, चारला दोन मिनिटं कमी असताना, आणि तेव्हा हल्ला साखळीलाच होती. ती आत शिरली ती मारेकऱ्याच्या मागे, आणि मेलेल्या कोंबड्या हुंगताना तोंड माखलं.

मामानं बंदूक आणि काडतुसं टेबलावर ठेवली. विल्या कॉम्प्युटरच्या मागे वाकली. रविवारी मामानं नवी हार्ड डिस्क जोडली होती, अगदी कांडीला चिकटून. डिस्कमधून निघणाऱ्या रेडिओलहरींच्या गोंगाटात कांडीला सेन्सरची हाक ऐकूच येत नव्हती. तिनं कांडी उपटली, लांब वायर जोडून ती खिडकीत टांगली आणि मामाला फळी हलवायला पाठवलं. ओळ क्षणात उमटली.

मामा परत येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा ओळ आली. खुराड्यापाशी कोणीच नव्हतं.

मामा बंदूक घेऊन धावला. उरलेलं खायला मिंक परत आला होता, मुंगसासारखा शिकारी प्राणी, मांजरापेक्षा लहान, कोंबडीच्या गळ्यात दात रुतवून बसलेला. एकच बार झाला. मिंकच्या चिंधड्या भिंतीवर उडाल्या.

मामा घरात आला आणि हल्लासमोर गुडघ्यावर बसला. त्यानं हात पुढे केला. हल्लानं दात विचकले.

"विसरेल ना गं ही?" त्यानं विचारलं.

विल्यानं टेबलावरून उरलेली काडतुसं उचलून खिशात घातली, हल्लाला उचलून आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.