जे येईल ते लिही

नदीवरून निघताना जयश्री, माझी बायको, टपरीतल्या यंत्राचं बटण तीनदा दाबायची. घरी माझ्या लॅपटॉपवर एकाखाली एक तीन ओळी उमटायच्या, आणि मी उठून चुलीवर कोऱ्या चहाचं आधण ठेवायचो. संस्थेच्या कागदांत त्या बटणाचं काम एवढंच होतं, की निरीक्षकाने टपरीत पोचल्यावर ते एकदा दाबून हजेरी लावावी. तीनदा दाबणं ही आमची दोघांची भर. टपरीपासून आमच्या पाड्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण, वाटेत मोबाइलला रेंज नाही, यंत्राचा रेडिओ मात्र आमच्या छपरावरच्या अँटेनापर्यंत पोचायचा. ती दारात येईपर्यंत चहा उकळून उकळून काळा व्हायचा, आणि तिला तो तसाच आवडायचा.

ते यंत्र दाभोशाच्या नदीवर पाण्याची पातळी मोजण्यासाठी बसवलेलं. ही नदी आधीही कित्येकांना घेऊन गेली होती; सहा वर्षांपूर्वी आमचा शेजारी नवशा मासे धरताना अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेला, त्यानंतर एका संस्थेने काठावर पत्र्याची टपरी उभी केली. प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. जयश्रीचं काम म्हणजे रोज चारच्या सुमारास जाऊन रंगवलेल्या पट्टीवर पाणी डोळ्यांनी बघायचं आणि यंत्र खोटं बोलत नाही ना, ते ताडून पाहायचं. पाड्यावर सगळे म्हणायचे, नवरा यंत्रावर विश्वास ठेवतो आणि बायको नवऱ्यावर पाळत. आम्हीही हसायचो.

नोंदी लिहिण्याचं काम मात्र मी एका तयार लायब्ररीवर सोपवलं होतं. कुण्या दूरच्या प्रोग्रामरने युनिक्ससाठी लिहून फुकट वाटलेली ती लायब्ररी इतकी लवचीक होती, की मी तिच्या प्रेमातच पडलो. प्रोग्रामने नुसतं बोलत राहायचं. त्यातलं काय लिहायचं ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठरतं. नियम एका ओळीचा असतो. टिंबाच्या डावीकडे कोण बोलतंय त्याचं नाव, उजवीकडे किती गंभीर बोललं तर ऐकायचं, आणि शेवटी ते कुठे लिहायचं. नियमात न बसणारं बोलणं लायब्ररी लिहीत नाही, साठवतही नाही. ते झालंच नव्हतं असं समजायचं.

चोवीस ऑगस्टला आमचं भांडण झालं. भांडण तरी कसलं. ती छत्री शोधत होती, पाऊस धरून होता, आणि ती म्हणाली, "रोज त्या ओळींकडं बघत बसतोस. एकदा तरी न्यायला ये की." मी म्हणालो, यंत्राचं मेमरी कार्ड भरत आलंय, मला काम आहे. ती छत्री उचलून गेली. ती गेल्यावर मी इथूनच नियमांची फाइल उघडली आणि इशारा किंवा त्याहून गंभीर असेल तेवढंच लिही, असं लायब्ररीला सांगितलं. बटणाची नोंद सगळ्यात हलक्या दर्जाची होती, म्हणजे ती आता लिहिली जाणार नव्हती. रागाने केलं का? कार्ड खरंच भरत आलं होतं, पण ते काम दुसऱ्या दिवशी केलं असतं तरी चाललं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

जयश्री घरी आली नाही.

चौकशीला आलेल्या हवालदारांनी लॉग मागितला. मी फाइल दाखवली. त्यांनी त्या दिवसाच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हजेरी नाही. म्हणजे बाई टपरीत पोचल्याच नाहीत." नियम मी बदलला होता, हे एक वाक्य होतं आणि ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. कारण ती टपरीत पोचली नसेल, तर रागावून रस्त्याकडे वळली असेल, एखाद्या जीपमध्ये बसून निघून गेली असेल, म्हणजे जिवंत असेल. मला सोडून गेलेली चालेल, पण असू दे, असं मला वाटलं. मग सगळ्यांनी रस्ता शोधला. जीपवाल्यांना विचारलं, तिच्या माहेरी जामसरला माणूस धाडला, मोखाड्यापर्यंत फोटो चिकटवले. नदीत गळ टाकले ते पाचव्या दिवशी, आणि तोवर पाणी ओसरलं होतं. छत्रीसुद्धा सापडली नाही.

माझे सासरे तुळशीदास जामसरला निवृत्त मास्तर आहेत. दर पंधरा दिवसांनी ते यायचे, ओट्यावर बसायचे आणि एकच विचारायचे, "देवानंद, ती टपरीपर्यंत गेली होती का हो?" मी म्हणायचो, लॉगमध्ये नाही मामा. तेही मान हलवायचे. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस, लिहिलेल्यावर त्यांचा भरवसा होता.

सप्टेंबरात मी ते बटण काढून आणलं. तारांची टोकं चिकटपट्टीने बांधली आणि बटण बिस्किटांच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं. यंत्र मात्र सौर पॅनेलवर चालू होतं, आणि जयश्री गेली त्या दिवसापासून ते एकदाही बंद पडलं नव्हतं. नोव्हेंबरात भात झोडून झालं तेव्हा संस्थेचं पत्र आलं, की केंद्र बंद करत आहोत, पुढच्या सोमवारी माणूस येऊन यंत्र घेऊन जाईल. ते वाचून माझा धीर सुटला. त्या यंत्राच्या पोटात कुठेतरी त्या दिवसाची एखादी ओळ अडकून असेल, असं मी तीन महिने स्वतःला सांगत आलो होतो. तसं काही नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत. तरी मंगळवारी दुपारी मी नियमांची फाइल उघडली, सगळे नियम पुसले, आणि टिंबाच्या डावीकडे एक तारा, उजवीकडे एक तारा, एवढाच नियम लिहिला. कोणीही असो, काहीही असो, जे येईल ते लिही. नव्या शिकाऊ मुलांना मी हेच करू नका म्हणून ओरडायचो.

चार वाजून बावीस मिनिटांनी तीन ओळी आल्या.

बटण दाबलं. बटण दाबलं. बटण दाबलं. तारीख आजची. बोलणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी. मी फळीवरचा डबा काढला, बटण आत होतं, हाताला थंड लागलं. मग मी पळत नदीवर गेलो. टपरीत तारांवरची चिकटपट्टी मी बांधली होती तशीच, तिच्यावर धूळ. नदी गुडघाभर, तळातले दगड दिसत होते. मी तिला हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या, आणि परत आलो तर चुलीवर आधण होतं.

"तू ठेवलंस?" मी आईला विचारलं. माझी आई माघी, तिला ना अक्षर येतं ना तो पडदा कळतो.

"येळ झाली ना च्याची," ती म्हणाली.

बुधवारी तीन ओळी दोनदा आल्या, मध्ये थोडं अंतर ठेवून. गुरुवारी पाचदा. शहाण्या माणसाने त्या ताऱ्याच्या जागी काहीतरी नाव लिहिलं असतं, निदान यंत्र बंद केलं असतं. पण नावाची जागा कोरी होती. कुणाला वगळायचं म्हटलं तर तिलाही वगळलं जाणार, आणि एकदा मी तेच केलं होतं. मी जेवलो नाही. ओळींमधलं अंतर पुन्हा पुन्हा बघत राहिलो; जयश्री दुसऱ्या आणि तिसऱ्या दाबण्यात जरा थांबायची, पदर सावरायची म्हणून. तसं थांबणारी एकही नोंद मला सापडेना, मग वाटायचं, तीन महिन्यांत माणसाची सवय बदलत असेल.

शुक्रवारी दुपारी मामा आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. भांडण, कार्ड, नियम, हवालदारांसमोर मी बंद ठेवलेलं तोंड. ते ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे आम्ही मोखाड्याला फोटो चिकटवत होतो तेव्हा..." एवढं म्हणून ते थांबले. मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं.

तेवढ्यात ओळी यायला लागल्या. मामा उठून लॅपटॉपजवळ आले. बोट न टेकवता, पोरांच्या वह्या तपासाव्यात तसे ते वाकून वाचत राहिले.

"यातली तिची कोणती?"

"नाव येत नाही, मामा."

"मग फक्त तिचीच येईल असं करा."

मी ताऱ्याच्या जागी जयश्री असं लिहिलं. ओळी थांबल्या. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, पाच मिनिटं, दहा, पंधरा. अंगणात कोंबड्या झोडणीतले दाणे टिपत होत्या, त्यांच्या चोचींचा आवाज ऐकू येत होता. एकही ओळ आली नाही. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"परत करा," ते म्हणाले. "येऊ देत सगळे. त्यांच्या मागून तरी येईल."

मी पुन्हा तारा टाकला. न लिहिलेलं ती लायब्ररी साठवत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तरी पंधरा मिनिटांच्या त्या सगळ्या ओळी एकदम आल्या, पडदा भरून वर सरकत राहिल्या, आणि ताज्या ओळी त्यांच्यामागून येतच होत्या. बटण दाबलं, बटण दाबलं, बटण दाबलं. मी मोजायचं सोडलं. मला रडू येत होतं आणि मी मनात एकच म्हणत होतो, अजून एक, यानंतरची तिची.

पाच वाजायला आले होते. आईने चुलीवर मोठं तपेलं चढवलं, शेतावर माणसं असली की चढवते तेच. मग ती दारात जाऊन उभी राहिली आणि वाटेकडे बघत राहिली, कोणी ओळखीचं चढण चढताना दिसावं तशी, मान जराशी हलवत.

"देवा," ती म्हणाली, "बाजूच्या फागीकडनं पेले आन. आपले नाय पुरायचे."

मी तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. कापलेल्या भाताचे खुंट, उतरणारं ऊन, आणि टपरीकडून वर येणारी मोकळी वाट. आईने कोपऱ्यातली गोधडी उचलून ओट्यावर अंथरली, मग दुसरी अंथरली.

"नवशाच्या च्यात साखर जास्ती घाल. त्याला लागते."

मामा खाली बसले. मी आत गेलो. भिंतीला खिळ्यावर जयश्रीचा पेला टांगलेला असतो, काठाला चेपलेला, ऑगस्टपासून कोणी हात लावला नव्हता. मी तो काढायला हात वर केला.

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तो नको काढू," ती म्हणाली. "ती नाय यांच्यात."