किल्ली आत, नर्सबाई बाहेर

मित्रांनो, वयाने मी काही फार मोठा नाही. पण अंगावरची अक्षरं पुसट झाली, काठाचा टवका उडाला, की कॉफीच्या मगाला म्हातारपण आलंच म्हणायचं. तसा मी म्हातारा.

भट्टीतून निघालो तेव्हा मी कोरा, पांढराशुभ्र होतो. भावंडांबरोबर खोक्यात बसून एका छपाईच्या दुकानात आलो. तिथे माझ्याभोवती एक कागद घट्ट गुंडाळला आणि मला तापलेल्या यंत्रात आवळून धरलं. चटका बसला खरा, पण बाहेर आलो तो बोलका होऊन. माझ्या पोटावर लिहिलं होतं, ‘किल्ली आत, नर्सबाई बाहेर. चला, आज पुन्हा कॉफी!’ आणि त्याखाली एका दुकानाचा फोन नंबर.

ते दुकान एका किल्लीवालीचं. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने त्यांची कानस आणि किल्ल्यांचा जुडगा हाती घेतला. पण हल्ली लोक बोटाने उघडणारी कुलुपं बसवतात. दुकानात माश्या मारायची वेळ आली. मग तिच्या मनात आलं, की आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक मग भेट द्यावा, ज्याचा त्याचा विनोद लिहून. लोक हसतील, पाहुण्यांना दाखवतील, दुकानाचा नंबर चार घरांत पोचेल. सारख्या किल्ल्या मोडणाऱ्या नाच शिकवणाऱ्या बाईंना मिळालेल्या माझ्या भावावर लिहिलं होतं, ‘हळू फिरव गं! किल्ली आहे, पिळायची ओली चादर नाही.’

तिच्या वडिलांना मात्र हे रुचलं नाही. आम्हाला एकेक करून हातात घेत ते म्हणाले, “पोरी, आपण दार उघडायचं आणि तोंड मिटायचं. कुणाच्या दारात काय पाहिलं, ते तिथेच सोडून यायचं असतं.”

“अहो बाबा, गंमत आहे. कोण मनावर घेतंय?” ती म्हणाली, आणि आम्ही घरोघरी निघालो.

मी गेलो निवृत्त नर्सबाईंकडे. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांच्या दाराचं कुलूप किल्लीवालीनेच बसवलेलं, दार ओढलं की ते आपोआप लागायचं. नर्सबाई कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर येत, मागे दार लागे आणि किल्ली आत राही. मग शेजारणीच्या फोनवरून किल्लीवालीला बोलावणं जाई. ती येई, दार उघडे, कॉफी पिऊन जाई. माझ्यावरचा मजकूर वाचून नर्सबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यानंतर किल्लीवाली आली की कॉफी तिला स्टीलच्या पेल्यात मिळे आणि नर्सबाईंना माझ्यात. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग एक दिवस त्यांचा मुलगा भेटायला आला. तो दूरच्या शहरात नोकरीला. कॉफी पिता पिता त्याने मला फिरवून वाचलं, हसला, आणि मग हसू तिथेच थांबलं. पुन्हा म्हणजे किती वेळा, असं त्याने आईला विचारलं. नर्सबाई गंमत आहे रे म्हणाल्या आणि ओट्याकडे वळल्या. त्याने माझ्यावरचाच नंबर फिरवला. किल्लीवालीला काय कल्पना? ती मोठ्या कौतुकाने सांगू लागली, की तुमच्या आईंचं दार तर मी डोळे झाकून उघडते, इतक्यांदा येते.

त्या फोनने सगळं बदललं. आज किल्ली विसरली, उद्या गॅस विसरेल, असं तो म्हणू लागला. डॉक्टरांची वेळ ठरली. हे घर बंद करून आईला स्वतःकडे न्यायचं त्याने पक्कं केलं आणि रिकामी खोकी आणली. नर्सबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मित्रांनो, ज्याच्यामुळे हसू आलं त्याच्यामुळेच घर उठावं, याहून वाईट काय? मी फुटलो असतो तर बरं, असं वाटलं.

शेजारणीकडून हे कळल्यावर किल्लीवाली धावत आली. दारातच तिचा चेहरा उतरलेला होता. ती मुलाला म्हणाली, की दादा, चूक आमची आहे. आम्ही बसवलेलं कुलूपच सदोष निघालं, दार नुसतं टेकवलं तरी जीभ अडकते. काकूंचा काही दोष नाही.

मुलाचा चेहरा जरा सैल झाला. नर्सबाईंनी नुसतं हो म्हटलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्या कपाटाशी गेल्या, मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

“कुलूप चांगलं आहे. तिच्या कामाला नाव ठेवू नकोस. आणि मला विसरही पडलेला नाही. किल्ली मी मुद्दाम आत ठेवत होते.”

“मुद्दाम? का, आई?”

“दार उघडायला कुणीतरी येतं म्हणून.”

किल्लीवालीने मान खाली घातली. तिला नुसतं चहाकॉफीला बोलवायचंस की, असं मुलगा पुटपुटला. नर्सबाईंनी माझ्या काठावरून बोट फिरवलं.

“आयुष्यभर लोकांनी मला बोलावलं ते गरज पडली म्हणून. काही काम नसताना ‘ये, बस जरा’ कसं म्हणतात, ते मी शिकलेच नाही रे.”

मुलगा खुर्चीत बसला. मग त्याने किल्लीवालीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, या घराची एक किल्ली मला करून द्याल का? आईच्या घराची किल्ली त्याच्याकडे कधी नव्हतीच.

खोकी रद्दीवाल्याकडे गेली. मुलगा आता मधूनच न कळवता येतो आणि स्वतःच दार उघडतो. किल्लीवालीही येते, हत्यारांची पेटी न घेता. मगांवर विनोद ती अजूनही लिहिते, पण आधी माणसाला विचारून.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी असं क्षुल्लक कामासाठी पुन्हा पुन्हा बोलावत असेल, तर त्याला विसराळू म्हणू नका, वैतागू नका. जा. आणि काम झालं की लगेच निघू नका. माझ्यात ओतलेली कॉफी निवायला थोडा वेळ लागतो. तेवढं तरी बसा.