स्टेअरिंगचा सांधा

आकारामने गाडीखाली पडल्या पडल्या सांध्यावर आणखी एक घाव घातला. गाडी गदगदली, सांधा जागचा हलला नाही. गंजाची पूड तेवढी त्याच्या मिशीवर पडली.

"ऊठ की रं बाबा," तो सांध्याला म्हणाला.

लाल टू-सीटर परड्यात उभी होती. पुढचं डावं चाक काढलेलं, आत जॅक लावलेला, आणि जॅकचा भरवसा नको म्हणून खाली बाभळीचा ओंडका. स्टेअरिंगचा दांडा चाकाकडच्या लोखंडाला जिथं जुळतो, तिथं सांधा असा धरला होता की चाकं ना सरळ होत होती ना वळत होती. घासलेट ओतून झालं, दिव्याने शेकून झालं. मालकांनी आपल्या मोटारी मोडीत काढल्या तेव्हा ही एक त्यांनी जुन्या ड्रायव्हरला, आकारामला, देऊन टाकली होती. टप नसलेली, उघडी गाडी. तिच्यातून आज संध्याकाळी रामाची तसबीर पेठेतून फिरणार होती आणि स्टेअरिंगवर आकाराम बसणार होता. त्यासाठी त्याने नवमीचा उपास धरला होता, पहाटे अंगावर गार पाणी घेतलं होतं, आणि आठवडाभर घरात शिवाशिव कडक पाळायला लावली होती.

देवळाच्या कर्ण्यावरून बुवांचा आवाज येत होता. कीर्तन जन्माच्या अलीकडे पोचलं होतं. आणखी दोन घाव, मग हातपाय धुऊन थेट देवळात, असं ठरवून आकारामने डावा हात दांड्याखाली घातला आणि उजव्याने हातोडी उगारली.

जॅक फरशीवरून सटकला.

वजन ओंडक्याने पेललं म्हणून हात वाचला. पण ओंडका आणि दांडा यांच्यामध्ये त्याची दोन बोटं सापडली. आधी काहीच कळलं नाही. मग कळ खांद्यापर्यंत गेली. जॅक पायापासून वावभर लांब आडवा पडला होता.

"कोन हाय का रंऽऽ!"

कर्ण्यावर झांजा वाजत होत्या. गल्लीतली सगळी घरं कड्या घालून देवळात गेली होती. मुलगा बाळासो ट्रक घेऊन मलकापूरकडे गेलेला. आकारामने पुन्हा हाक मारली. तोंडात गंजाची पूड गेली.

"मामा?"

परड्याच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या गोठ्याच्या वळचणीला सून उभी होती. हौसा. ती परवापासून लांब बसली होती. तिचं तरट, तिचा तांब्या, तिची ताटली तिथंच. तिथून हलायचं नाही, हे आकारामनेच बायकोकरवी तिला सांगितलं होतं.

"काय झालं वं मामा?"

"काय न्हाई. बोटं गावल्यात."

ती चार पावलं पुढं आली आणि थबकली.

"कुणाला बोलवू?"

"सगळी देवळात हाईत. तू अशी देवळाकडं जाणार?"

तिने मागं आपल्या तरटाकडे बघितलं.

"जन्म झाला की तुझी आत्ती येईल," तो म्हणाला. "तवर ऱ्हातो असाच."

हौसा तिथंच, उन्हात, उकिडवी बसली. कर्ण्यावर बुवा रंगात आले होते.

"चक्रवर्ती राजा दशरथ! पृथ्वी ज्याच्या शब्दावर चालते, तो आज दाराबाहेर येरझाऱ्या घालतोय. आत जाऊ बघतो, तर सुईण आडवी! म्हणते, महाराज, राज्य तुमचं बाहेर. इथं आमचं!"

देवळात हशा पिकला. हा दाखला आकाराम वर्षानुवर्षं ऐकत आला होता आणि दर वर्षी मांडीवर थाप मारून हसत आला होता. आज हौसाच हसली, पदर तोंडाला लावून.

"तुला आयकू येतं व्हय तितनं?"

"समदं येतं. दरसाली येतंय तसंच. मी अजून देवळातनं एकदाबी आयकलं न्हाई."

"म्हंजे?"

"लगीन होऊन आल्यापास्नं नवमीला कायतरी आडवं येतंयच. एकदा मी लांब, एकदा आत्ती लांब म्हणून सैपाक माझ्यावर, एकदा बारकं पोर तापलेलं." मग ती खाली बघून म्हणाली, "बोटं काळी पडाय लागल्यात, मामा."

"पडूंदेत."

"गाडी कोन चालवणार मग?"

आकारामने मान वळवून बघितलं. बोटं आपली वाटतच नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला मोकळा हात कळ आली तेव्हा वळताना नेमका अंगाखाली अडकलेला.

"जॅक उचलशील?" तो म्हणाला. "माझ्या अंगाला न लागता."

"आणि विटाळ?"

"लोखंडाला कसला विटाळ?"

"काल कळशीला लागला की. आत्तींनी राखेनं तीनदा घासली."

"त्ये तांबं!" तो ओरडला, मग कळ आली म्हणून थांबला. "हे लोखंड हाय. उचल, बया."

हौसाने पदर खोचला. जॅक ओढत आणला, तो सांगेल तसा लोखंडाखाली बसवला आणि दांडी फिरवू लागली. कमरेत दुखत असावं. मधेच थांबून तिने ओठ दाबून धरले. गाडी कुरकुरली. तिची सावली त्याच्यावर पडू नये म्हणून ती मुद्दाम तिरकी बसली होती. ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने डोळे मिटले.

"फट पडली, मामा. घ्या काढून."

त्याने हात ओढला. हात आला नाही. बोटांना सांगितलेलं बोटं ऐकत नव्हती.

"येईना."

"जॅक हलतोय. लई येळ टिकायचा न्हाई."

हौसाने दोन्ही हात पुढे केले आणि त्याच्या मनगटापासून टीचभर अंतरावर थांबवले. तिचे तळवे ग्रीसने काळे झाले होते.

आणि कर्णा गप्प झाला. दर वर्षी होतो तसा. बारा वाजायला आले की बुवा चिपळ्या मिटतात, माणसं फुलं धरलेली मूठ उचलून उभी राहतात, पोरंसुद्धा श्वास धरतात. आता हाक मारली असती तर साऱ्या देवळाने ऐकली असती. माणसं धावत आली असती, अंघोळी केलेली.

आकारामने तोंड उघडलं.

"वड," तो हळूच म्हणाला.

तिने मनगट धरलं आणि ओढलं. त्याच क्षणी देवळात जयजयकार उठला, घंटा, ताशा, सगळं एकदम. जॅक पुन्हा निसटला. गाडी ओंडक्यावर आदळली. हात बाहेर होता.

दोघं फरशीवर बसून राहिली. हौसाने आपल्या लुगड्याचा काठ दातांनी फाडला आणि त्याची बोटं बांधली. कर्ण्यावर बायका पाळणा म्हणत होत्या. आकाराम त्या आवाजाकडे नाही, गाडीखाली बघत होता. जे हातोडीने झालं नव्हतं ते आदळण्याने झालं होतं. सांधा सुटून दांडा मोकळा लोंबत होता.

"सुटला," तो म्हणाला. आवाजात आनंद आला नाही.

त्याची बायको धोंडुबाई सुंठवडा घेऊन आली ती बोलतच.

"अवं, समदं देऊळ इचारतंय, आकाराम कुठं! बुवाबी..." तिने बांधलेली बोटं पाहिली. काठ पाहिला. मग हौसाकडे पाहिलं. हौसा उठून गोठ्याच्या वळचणीला गेली.

आकारामने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

"देवानं राखलं," धोंडुबाई म्हणाली आणि थोड्या वेळाने, "बरं, आता बोलू नका कुणाला. पाणी काढते. डोक्यावरनं घ्या, की झालं. सांजच्याला अजून येळ हाय. सांधा नि चाक काय, गॅरेजवाला हंबीरराव बसवून दील."

तिने न्हाणीत बंब पेटवला, बादली भरली, वर कडुनिंबाचा पाला टाकला.

"काढलंय वं पाणी."

आकाराम उठला. न्हाणीच्या दारापर्यंत गेला. वाफ बघत उभा राहिला.

"हौसाची आंघोळ कवा?"

"तिची? उद्या चौथा की. उद्या सकाळी."

"मग माझीबी उद्याच."

"आणि रामाची गाडी?"

"किल्ली खुंटीला हाय. हंबीररावाला घेऊन जा म्हणावं."

तो गोठ्याच्या वळचणीला गेला आणि भिंतीला टेकून खाली मातीत बसला. हौसा चटकन उठायला लागली, तशी त्याने बांधलेला हात नुसता वर केला. ती घुटमळली. मग तरट मधे ओढून अर्धं त्याच्या बाजूला पसरलं.

धोंडुबाई सुंठवड्याची वाटी घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. इकडे यावं की तिकडूनच ठेवावी, हे तिला ठरवता येत नव्हतं.