पहिल्या फेरीला प्रवासी

बाबांनी सव्वीस वर्षं शहरातली बस चालवली. सात महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आता ते काठी घेऊन चालतात, पण दवाखाना सोडला तर उंबरठा ओलांडत नाहीत. त्यामुळे परवा जेवताना त्यांनी, कलाकेंद्रात बुधवारी चित्रं शिकवतात का, असं सहज विचारलं, तेव्हा आईने आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळलं.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. केंद्रात फोन करून मी पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला, खुर्चीला हात आहेत का, सगळं विचारलं. फोनवरच्या बाई जराही वैतागल्या नाहीत. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी त्यांना ठाऊक नव्हती, तर टेप घेऊन गेल्या आणि मोजून उलट फोन केला. मला भरून आलं.

मग मी घड्याळ लावून घरापासून केंद्रापर्यंतचा रस्ता स्वतः चालले, लागलेली वेळ दुप्पट केली आणि मिनिटामिनिटाचा तक्ता केला. आई म्हणाली, एवढी तयारी तिच्या लग्नातही झाली नव्हती.

बाबांनी तक्ता दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"राहू दे. नाही जमायचं."

काय चुकलं, ते त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. तक्त्यात अकराच्या पुढे मी लिहिलं होतं : 'वर्ग सुरू'. मी वर्गात त्यांचं नावही नोंदवून टाकलं होतं.

"आम्हाला नवा मार्ग दिला की पहिल्या फेरीला आम्ही प्रवासी म्हणून बसायचो," ते म्हणाले. "रस्ता कुठे अरुंद होतो, माणसं कुठे न बघता आडवी येतात, ते नुसतं बघायचं. तू मला थेट स्टिअरिंगवर बसवलंस. आणि तुझ्या वेळापत्रकात ड्रायव्हरला लघवीलासुद्धा सवड नाही."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. सात महिन्यांत बाबा एका दमात एवढं बोलले नव्हते. चूक माझी होती, तरी मला बरंच वाटत होतं.

मी पुन्हा केंद्रात फोन लावला, तर बाबांनी तो घ्यायला डावा हात पुढे केला. बाईंना त्यांनी सावकाश सांगितलं, येईन, पण ब्रश धरणार नाही, फक्त बघेन. पलीकडून त्या बराच वेळ बोलत होत्या. बाबा "हं, हं" करत होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"खिडकीपाशी बाक आहे म्हणे. त्या स्वतः शिकायला आल्या, तेव्हा पहिले चार बुधवार तिथेच बसून होत्या."

मी तक्ता खोडून नवा करायला घेतला. निघायची वेळ त्यांनी सांगितली, वाटेतले दोन थांबे सांगितले. परतीची वेळ विचारली, तर म्हणाले, ती आत्ताच लिहू नकोस.